एकवीस अंकी संख्येचे रहस्य

बुद्धिबळाच्या पटावर पहिल्या घरात एक, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार असे दाणे मांडण्याची कथा तुम्ही ऐकलीच असेल. पटाची घरे चौसष्ट. ती सदुसष्ट असती, तर एकंदर दाणे झाले असते १४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७. दोनाच्या ६७ व्या घातातून एक वजा केला की हीच संख्या मिळते.

मेर्सेन नामक फ्रेंच धर्मोपदेशकाने १६४४ साली अशा प्रकारच्या मूळ संख्यांची एक यादी दिली आणि तीत ६७ या घाताचा समावेश केला. मूळ संख्या म्हणजे एक आणि स्वतः यांखेरीज जिला कशानेही निःशेष भाग जात नाही ती. मेर्सेनचे हे विधान दोनशेहून अधिक वर्षे कोणी खोडून काढले नाही.

१८७६ साली एदुआर ल्यूका या फ्रेंच गणितज्ञाने ही संख्या मूळ नाही असे सिद्ध केले. नवल असे की, तिचे अवयव मात्र त्याला ठाऊक नव्हते! कुलपाला किल्ली आहे हे निश्चित कळावे, पण किल्ली कोठे आहे याचा पत्ता नसावा, तसा हा प्रकार. त्याच्या कसोटीचे पुढे सोपे झालेले रूप असे: ४ पासून आरंभ करावा, प्रत्येक वेळी वर्ग करून २ वजा करावे आणि मूळ संख्येने भागून बाकी ठेवावी. ३१ म्हणजे दोनाचा पाचवा घात उणे एक. ४ वरून १४, त्यावरून १९४, म्हणजे बाकी ८. ८ वरून ६२, म्हणजे बाकी शून्य. घातापेक्षा दोन कमी, अर्थात तीन पायऱ्यांत शून्य आले, म्हणून ३१ मूळ. सदुसष्टच्या बाबतीत ६५ पायऱ्यांनंतरही शून्य येत नाही.

मग अवयव कोणते? घात मूळ असेल, तर प्रत्येक मूळ अवयव त्या घाताच्या दुपटीच्या पटीहून एकाने अधिक असतो. दोनाचा अकरावा घात उणे एक, म्हणजे २०४७, हे २३ आणि ८९ यांचे गुणन. दोन्ही २२ च्या पटीहून एकाने अधिक आहेत. येथे १३४ च्या पटी तपासावयाच्या. पहिला अवयव सापडतो तो १४,४५,५८० व्या पटीपाशी! हातांनी इतके भागाकार कोण करणार? कोलंबिया विद्यापीठातील फ्रँक नेल्सन कोल यांनी वर्गांच्या बाकींचा आधार घेऊन बरेच पर्याय आधीच गाळले. ऑक्टोबर १९०३ मध्ये न्यूयॉर्क येथील सभेत त्यांनी एक शब्दही न बोलता फळ्यावर गुणाकार मांडला, असे सांगतात:

१९,३७,०७,७२१ × ७,६१,८३,८२,५७,२८७

उत्तर तीच एकवीस अंकी संख्या. तीन वर्षांचे रविवार या कामी खर्ची पडले, अशी आख्यायिका आहे. मला स्वतःला कलाशाखेचा पदवीधर म्हणून ही मूक सभा कोणत्याही व्याख्यानापेक्षा अधिक रोचक वाटते.

गुणाकार शिक्षकांच्या शब्दावर मान्य करू नका. अंकांची बेरीज करून पाहा: पहिल्या अवयवाची ३७, दुसऱ्याची ६४, गुणाकाराची १०९, तिन्हींना ९ ने भागता बाकी १ च उरते. याने गुणाकार बरोबर असल्याचे सिद्ध होत नाही, मात्र चुकीचा असता तर बहुधा येथेच पकडला गेला असता. पूर्ण खात्रीसाठी कागद-पेन्सिल घेऊन एक संध्याकाळ बसावे लागेल.

गुणणे सोपे, पण अवयव पाडणे दुर्घट. संगणकांतील गुप्त संदेशांची एक प्रसिद्ध पद्धती याच विषमतेवर उभी आहे. तेथील संख्या शेकडो अंकी असतात.