नाही ते कसं कळतं? जुन्या संगणक-खेळांचा हरवलेला आवाज

आजचा विषय वाचून काहींच्या भुवया उंचावल्या असतील. तत्त्वज्ञान शिकवणारा माणूस जुन्या कम्प्युटर गेमच्या आवाजावर काय बोलणार? पण मला या विषयात प्रमाणशास्त्रातला एक जुना प्रश्न दिसतो: एखादी गोष्ट नाही, हे आपल्याला कळतं कसं?

भाट्ट मीमांसक अनुपलब्धी हे स्वतंत्र प्रमाण मानतात. जमिनीवर घट दिसत नाही, म्हणून तो तिथे नाही. पण याला एक अट आहे, योग्यतेची. घट असता तर दिसला असता, असं म्हणता आलं पाहिजे. अंधारात घट दिसला नाही, तर त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. ही अट लक्षात ठेवा. आजची सगळी दुरुस्ती तिच्यावरच चालते.

आता १९९०च्या दशकातला डॉसवरचा एखादा खेळ घ्या. आज तो आपण डॉसबॉक्समध्ये चालवतो. हा प्रोग्रॅम आजच्या संगणकाच्या पोटात एक जुना संगणक उभा करतो. खेळ सुरू झाला, चित्र दिसलं, आवाज मात्र नाही. बहुतेक जण काय करतात? पाच-सहा सेटिंग एकदम बदलतात. मग आवाज आला तरी कशामुळे आला ते कळत नाही, आणि नाही आला तर आधीची स्थितीही हातची जाते. म्हणून आधी विचारा: नेमका कुठला आवाज नाही?

कारण त्या काळी खेळातला आवाज एकाच वाटेने येत नसे. १९८७ साली ॲडलिब नावाचं कार्ड आलं. त्यावरच्या यामाहा चिपला खेळ फक्त हुकूम सोडायचा, अमुक स्वर लाव, अमुक थांबव, आणि चिप तो स्वर जागच्या जागी घडवायची. पुढे १९८९ साली सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीचं साउंड ब्लास्टर आलं. त्यात ही सोय होतीच, शिवाय मुद्रित केलेले आवाज वाजवता येत. गोळीबार, स्फोट, माणसांचं बोलणं हे सगळं या दुसऱ्या वाटेने येतं.

या दुसऱ्या वाटेला तीन आकडे लागतात. पोर्ट म्हणजे कार्डाचा पत्ता. डीएमए म्हणजे मेमरीतून कार्डापर्यंत आवाज परस्पर नेणारी वाहिनी. आणि आयआरक्यू म्हणजे घंटा. हातातला तुकडा वाजवून संपला की कार्ड प्रोसेसरला घंटा देतं, ‘पुढचा पाठवा’. डॉसबॉक्समध्ये हे आकडे मुळात २२०, १ आणि ७ असे असतात. खेळाच्या सेटअपमध्येही तेच हवेत. तिथे आयआरक्यू ५ निवडला असेल, तर घंटा एका दारावर वाजते आणि खेळ दुसऱ्याच दाराशी कान लावून बसतो.

आता अनुमान करा. संगीत येतंय, गोळीबार येत नाही. चिपवरच्या संगीताला घंटाही लागत नाही, वाहिनीही लागत नाही. म्हणजे स्पीकर निर्दोष. संशय आयआरक्यू आणि डीएमएवर. आवाजाचा पहिलाच तुकडा अडकल्यासारखा पुन्हा पुन्हा वाजतो? मग बहुधा घंटा चुकली. संगीतही नाही आणि गोळीबारही नाही, पण संगणकावरचे इतर आवाज येतात? मग खेळाचा सेटअप चालवून बघा, तिथे साउंड कार्डच निवडलेलं नसेल. प्रत्येक वेळी एकच बदल करा आणि ऐका. अन्वय-व्यतिरेक म्हणतात तो हाच.

आवाज येतो पण तुटतो, खरखरतो, तेव्हा कारण वेळेचं असू शकतं. डॉसबॉक्सला झेपत नाही इतका वेग आपण मागितलेला असतो. कंट्रोल दाबून एफ-११ दाबलं की तो टप्प्याटप्प्याने उतरतो. आणि कधी कधी अभाव नसतोच, भ्रम असतो. रोलंडच्या एमटी-३२ या यंत्रासाठी रचलेलं संगीत जनरल मिडीवर वाजवलं, तर वाद्यांचे क्रमांक जुळत नाहीत आणि भलतंच वाद्य बोलू लागतं. दोरीच्या जागी साप, तसं.

आता सगळ्यात अवघड मौन. १९९६ सालचा ‘क्वेक’ घ्या. त्याचं संगीत ट्रेंट रेझनर आणि नाइन इंच नेल्स यांचं. ते खेळाच्या फाइलींमध्ये नव्हतंच. गाण्यांच्या सीडीवर असतात तसे दहा ट्रॅक त्याच सीडीवर डेटाच्या पाठोपाठ होते, आणि खेळ ड्राइव्हला सांगून ते वाजवत असे. पुढे अशा सीडींच्या आयएसओ प्रती निघाल्या. आयएसओमध्ये डेटाचा ट्रॅक येतो, गाणी मागे राहतात. खेळ चालतो, बंदुका वाजतात, चुकीचा एकही संदेश येत नाही. उपाय सोपा आहे: बिन आणि क्यू या जोडफाइलींत संपूर्ण सीडीची प्रत घ्यायची आणि डॉसबॉक्सला क्यू फाइल जोडायची.

पण उपाय शोधायला आधी उणीव जाणवायला हवी ना! संगीत होतं हेच ज्याला ठाऊक नाही, तो म्हणेल, हा खेळ मुळातच असा सुनासुना आहे. त्याच्यापाशी योग्यतेची अट पुरी होत नाही. त्याचे कान शाबूत आहेत, पण असतं तर ऐकू आलं असतं, हे त्याला म्हणता येत नाही. बिघडलेला आवाज दुरुस्त होतो. विसरलेल्या आवाजाची मात्र कुणी तक्रारही करत नाही.

म्हणून एक विनंती. घरात जुन्या खेळाची सीडी असेल, तर ती साध्या सीडी प्लेअरमध्ये घाला. पहिला ट्रॅक डेटाचा असतो, तो वाजवू नका, थेट दुसऱ्यावर जा. संगीत लागलं, तर वेष्टणावर पेनाने लिहून ठेवा: ‘यात गाणी आहेत.’ पुढे ती सीडी ज्याच्या हाती पडेल, त्याला काय ऐकू यायला हवं, एवढं तरी कळेल.

इथे थांबतो. प्रश्न असतील तर विचारा.