मानिनी फेरारी, गुणी होंडा

वेगवान मोटार म्हटली की तिचे नखरे सोसावेच लागतात, असा युरोपात फार दिवस समज होता. जणू रूपगर्विता नायिकेचे रुसवेच!

इटलीची फेरारी ३४८ पाहा. १९८९ सालची, तीनशे अश्वशक्तीची. पाठीमागे इंजिन गर्जू लागले की अंगावर रोमांच उभे राहत. पण सकाळी थंड गाडीला दुसरा गिअर घालू म्हटले, तर तो हटून बसे! तेल तापेपर्यंत चालकाने आर्जवे करावीत. टायमिंग बेल्ट बदलायचा तर अख्खे इंजिनच उतरवावे लागे.

१९९० साली जपानच्या होंडाने एन.एस.एक्स. बाजारात आणली. अंग सगळे अ‍ॅल्युमिनियमचे, म्हणून हलके. क्लच मऊ, आत बसून चहूकडचे स्वच्छ दिसे. सुझुका येथे आयर्टन सेनाने नमुना गाडी चालवली आणि सांगाडा अधिक ताठ हवा, असे सुचवले. इंजिनिअरांनी तो ताठ केला. अश्वशक्ती फेरारीहून कमी, पण रोज कचेरीला न्यावी इतकी ही गाडी समंजस! मॅक्लारेन एफ-१चे शिल्पकार गॉर्डन मरे यांनी आपल्या गाडीसाठी तिचाच आदर्श समोर ठेवला.

मग जिंकले कोण? रोमांच फेरारीचा, घडण होंडाची. १९९४ साली आलेली फेरारी ३५५ पुष्कळच वळणावर आली होती. शेजारणीचा संसार पाहून शहाणपण आले म्हणा ना! बेल्ट बदलताना इंजिन मात्र तिचेही उतरवावेच लागे.

स्वभावाला औषध नाही, हेच खरे!