पाठ्यपुस्तकं महिनाभर कपाटात ठेवली, तर घरी शिकणारी मुलं मागे पडतात का?

सकाळचे साडेनऊ. जेवणाच्या टेबलावर चौथीचं गणिताचं पुस्तक उघडं आहे. मूल पेन्सिलीचं टोक चावत बसलंय आणि आई तेच उदाहरण तिसऱ्यांदा समजावून सांगतेय. हातचा कुठे गेला? मुलाला ठाऊक नाही, आणि खरं तर त्याला त्याचं काही पडलेलंही नाही. शाळेतल्या याच कंटाळ्यातून सुटका व्हावी म्हणून घरी शिकवायचं ठरवलं होतं. आता घरातच शाळा भरते. फरक एवढाच, की इथे मधली सुट्टी नाही आणि शेजारच्या बाकावर मित्रही नाही.

होमस्कूलिंग करणाऱ्या बहुतेक घरांत हा दिवस कधी ना कधी येतो. अनुभवी पालक मग सल्ला देतात, ‘पुस्तकं काही आठवडे बंद करून ठेवा.’ ऐकायला सोपं वाटतं, पण त्यामागून लगेच भीती येते. तेवढ्या काळात शेजारची मुलं अपूर्णांकांपर्यंत पोहोचतील, आणि आपलं?

ही कल्पना आली कुठून?

इव्हान इलिच यांचं ‘डिस्कूलिंग सोसायटी’ हे पुस्तक १९७१ साली आलं. शिक्षण म्हणजे शाळाच, हे समीकरण त्यांनी त्यात मोडीत काढलं. अमेरिकेतले शिक्षक आणि लेखक जॉन होल्ट यांनी पुढे ‘अनस्कूलिंग’ हा शब्द रूढ केला आणि १९७७ मध्ये घरी शिकवणाऱ्या कुटुंबांसाठी एक नियतकालिक सुरू केलं. आज पालक ‘डिस्कूलिंग’ म्हणतात तेव्हा त्यांना इलिचचा समाजविचार अभिप्रेत नसतो. शाळा सोडल्यावर, किंवा घरातलं शिकवणंच शाळेसारखं झाल्यावर, घेतलेली विश्रांती एवढाच त्यांचा अर्थ असतो. ‘शाळेच्या प्रत्येक वर्षामागे एक महिना विश्रांती’ असा हिशोबही सांगितला जातो. तो अनुभवातून आलेला ठोकताळा आहे, शास्त्रीय नियम नव्हे.

पुस्तक बंद ठेवून पाहणारा एक मोठा प्रयोग मात्र खरोखर झाला होता, आणि तोही शाळांमध्ये.

मँचेस्टरमध्ये काय झालं?

हे इंग्लंडमधलं नव्हे, अमेरिकेच्या न्यू हॅम्पशायर राज्यातलं मँचेस्टर. लुई बेनेझे तिथल्या शाळांचे अधीक्षक होते. मुलं गणितं सोडवतात, पण काय केलं ते स्वतःच्या शब्दांत सांगू शकत नाहीत, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. १९२९ मध्ये त्यांनी काही वर्गांतून अंकगणिताचं औपचारिक शिकवणं काढून टाकलं. ते सहावीपर्यंत लांबणीवर टाकलं. त्याऐवजी मुलं वाचायची, पाहिलेलं-ऐकलेलं वर्गात सांगायची, अंदाज बांधायची. ही खोली किती फूट लांब असेल? घड्याळ, कॅलेंडर, नाणी, पुस्तकातले पानांचे आकडे हे सगळं चालायचं. पाढे आणि मांडणीची उदाहरणं तेवढी नव्हती.

मग त्यांनी वेगवेगळ्या वर्गांना एक कोडं घातलं. तळ्यात एक खांब रोवलाय. अर्धा चिखलात आहे. उरलेल्याचा दोन तृतीयांश भाग पाण्यात आहे आणि एक फूट वर दिसतोय. खांब किती फुटांचा? नेहमीच्या पद्धतीने शिकलेली मुलं अपूर्णांक दिसताच गुणाकार-बेरजेच्या मागे लागली. प्रयोगातल्या मुलांनी आधी खांब डोळ्यांसमोर आणला. वर दिसणारा एक फूट म्हणजे उरलेल्याचा तिसरा भाग, म्हणजे उरलेला भाग तीन फूट, म्हणजे पूर्ण खांब सहा फूट.

सहावीच्या सुरुवातीला आकडेमोडीत नेहमीचे वर्ग पुढे होते, हे बेनेझे यांनी लपवलं नाही. पण रीतसर शिकवणं सुरू झाल्यावर वर्ष संपायच्या आत प्रयोगातल्या मुलांनी त्यांना गाठलं. या सगळ्याची हकीकत त्यांनी १९३५-३६ मध्ये शिक्षकांच्या नियतकालिकात छापली.

यातून ‘गणित शिकवूच नका’ असा अर्थ काढणं चुकीचं ठरेल. एक तर हा आजच्या काटेकोर पद्धतीचा अभ्यास नव्हता. दुसरं म्हणजे, ती मुलं आपोआप पुढे आली नाहीत. सहावीत त्यांना नीट शिकवलं गेलं. आणि आधीची वर्षंही मोकळी गेली नव्हती, ती बोलण्यात आणि विचार करण्यात गेली होती. पुस्तकाच्या जागी नुसता मोबाइल आला तर मँचेस्टरचा दाखला देण्यात काही हशील नाही.

मग त्या महिन्यात करायचं काय?

मराठी घरांत याचं उत्तम उदाहरण दरवर्षी अंगणात उभं राहतं, आणि त्याला कोणी अभ्यास म्हणत नाही. दिवाळीचा किल्ला. दगड-विटा रचायच्या, त्यावर पोतं टाकायचं, वरून चाळलेल्या मातीचा चिखल थापायचा. उतार फार ठेवला तर माती घसरते, कमी ठेवला तर तो डोंगर न वाटता ढिगारा वाटतो. टाक्यात ओतलेलं पाणी पाच मिनिटांत गायब होतं. मग प्रश्न पडतो, खऱ्या गडावर उन्हाळ्यापर्यंत पाणी राहायचं कसं? टाकी कातळात खोदलेली असतात, हे तेव्हा सांगितलं तर डोक्यात राहतं. राजगड करायचा ठरला, तर पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी या तीन माच्या कुठल्या बाजूला आहेत यासाठी नकाशा उघडावाच लागतो. हळीव पेरले की ते उगवेपर्यंत रोज पाणी घालायचं आणि थांबायचं. आणि हमखास होणारी गंमत म्हणजे मावळा महादरवाज्यापेक्षा उंच निघतो. सहा इंचांचा मावळा आत जायचा, तर दरवाजा केवढा हवा? मग तटबंदी केवढी? गुणोत्तर आणि प्रमाण हा धडा पुस्तकात यायच्या कितीतरी आधी मूल त्याच्याशी झटापट करत असतं.

दिवाळी वर्षातून एकदाच येते, पण एसटी स्टँडवरचं वेळापत्रक बारा महिने असतं. १०:५० ला निघालेली गाडी १:१५ ला पोहोचली, तर किती वेळ लागला? इथे शंभरचा हातचा चालत नाही, साठचा लागतो. विजेच्या बिलातले टप्पे पाहा. १२० युनिट जळले म्हणून सगळ्यांना वरचा दर लागत नाही, शंभराच्या पुढच्या वीस युनिटांनाच लागतो. मोठी माणसंही इथे चुकतात. पत्त्यांतला पाच-तीन-दोन हा तर तीस पानांचा, दहा हातांचा हिशोबच आहे.

एक पथ्य मात्र पाळायला हवं. ‘व्यापार’ खेळताना दर चालीला ‘आता किती उरले, सांग बरं’ असं विचारलं, की मुलांना कळतं: हा खेळ नाही, वेष बदलून आलेला तास आहे. त्यापेक्षा बँक मुलाच्या हाती द्यावी आणि गप्प बसावं. पालकांसाठी हेच सगळ्यात अवघड असतं.

काय बाजूला ठेवता येत नाही?

भागाकार म्हणजे काय, हे लाडू वाटताना कळतं. पण चार अंकी संख्येला दोन अंकी संख्येने भागायचा हात बसून सराव केल्याशिवाय बसत नाही. लिहिण्याचंही तसंच. नाव-गाव-फळ-फूल खेळून शब्द वाढतात, परिच्छेद लिहिता येत नाही. आणि आठ-नऊ वर्षांच्या मुलाला वाचताना अक्षरंच उलटसुलट होत असतील, तर विश्रांती हा त्यावरचा उपाय नव्हे. तिथे डिस्लेक्सियाची तपासणी लांबवू नये.

कायद्याचंही भान हवं. शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ वयोगटासाठी आहे. त्यात होमस्कूलिंगचा वेगळा उल्लेख नाही, मूल शाळेत न घालणाऱ्या पालकांना शिक्षाही नाही. पुढे दहावीला बसायचं तर एनआयओएस म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयाचा मार्ग आहे. त्यासाठी वयाची १४ वर्षं पूर्ण लागतात. म्हणजे दहाव्या वर्षी घेतलेल्या महिन्याभराच्या सुट्टीने काही बिघडत नाही. तेराव्या-चौदाव्या वर्षी मात्र कॅलेंडर पाहूनच ठरवावं.

आणखी एक गोष्ट फारशी बोलली जात नाही. पुस्तक उघडं असतं तेव्हा अर्धं काम पुस्तक करतं. ते मिटलं की किल्ला, बाजार, एसटी स्टँड, सगळीकडे कोणीतरी सोबत लागतं आणि बहुतेक घरांत ते कोणीतरी म्हणजे आई. तिचा दिवस मोकळा असेल असं गृहीत धरून आखलेला महिना आठवडाभरात कोसळतो. बाबा, आजोबा, कोपऱ्यावरचे सायकल दुरुस्त करणारे काका यांच्यात तो वाटून घेतला तरच निभतो. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्येही सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवून त्यांना सुतार, माळी, कुंभार यांच्याकडे शिकायला पाठवण्याची सूचना आहे.

महिना संपल्यावर पुस्तक पहिल्या धड्यापासून सुरू करायची गरज नसते. अनुक्रमणिका मुलापुढे ठेवायची आणि पेन्सिल द्यायची. जे येतं असं त्याला वाटतं, त्यावर खूण करू द्यायची. प्रत्येक खुणेमागे एक-दोन उदाहरणं घालून पाहायची आणि खूण नसलेल्या पहिल्या प्रकरणापासून लागायचं.