चित्रपटाची पहिली तीन मिनिटे

पंगतीला बसलेल्या पाहुण्याला यजमानीणबाईंनी विचारले, "आमटी कशी झाली आहे?" तर ती खारट झाली असली तरी सभ्य पाहुणा "छान झाली आहे" असेच म्हणतो आणि पाण्याचा पेला तोंडाला लावतो. हा शिष्टाचार पंगतीत शोभून दिसतो. परंतु विचारणारा जर शिकाऊ आचारी असेल, आणि उद्या त्याला शंभर पाने वाढावयाची असतील, तर ह्या शिष्टाचाराने त्याचे नुकसानच होते. मागील उन्हाळ्यात जोयडा तालुक्यातील नंदिगड्डे येथे एका घराच्या पडवीत बसलो असता मला ह्याचा प्रत्यय आला. तो प्रसंग वाचकांना सांगावासा वाटतो.

महाविद्यालयात शिकणारा एक तरुण आपल्या अभ्यासक्रमासाठी एक लघुचित्रपट तयार करीत होता. मुलगा ह्याच तालुक्यातला. पण प्राथमिक शाळेनंतर वसतिगृहातच वाढलेला. चित्रपट अजून पुरा झाला नव्हता. केवळ आरंभीची तीन मिनिटे जुळवून तो ती गावकऱ्यांना दाखवावयास आला होता. लोकांचे अभिप्राय लिहून आणावेत, असे त्याला त्याच्या शिक्षकांनी सांगितले होते. भिंतीवर पांढरे धोतर ताणून बांधले, दिवा मालवला, आणि पंधरा-वीस माणसे दाटीवाटीने बसली.

चित्रात पहाट होती. एक वृद्ध स्त्री रानाच्या कडेला कंद खणते, ते टोपलीत भरते, टोपली डोक्यावर घेते आणि झाडांतून दूर चालत जाते. संवाद एकही नाही; केवळ सारंगीसारखे करुण संगीत. दिवा लागताच तरुणाने वही काढली आणि विचारले, "कसे वाटले?"

"छान आहे," एकजण म्हणाला. "फारच छान," दुसऱ्याने री ओढली. बायका पदराआड हसल्या. वहीत "छान" हा शब्द अकरा वेळा लिहिला गेला. मुलगा आनंदला. मला मात्र ती पंगतीतली आमटी आठवली.

इतक्यात त्या घरची सून गोठ्यातील काम आटोपून आली. तिने चित्र पाहिलेच नव्हते. मी सहज म्हटले, "हिला कोणीतरी सांगा पाहू, काय काय दिसले ते." आणि मग पडवीचा नूरच पालटला. "एक म्हातारी आहे," एका मावशींनी सुरुवात केली, "ती कंद खणते, पण कोणत्या दिवसांत ते कळत नाही. झाडे पाहिली तर वैशाखातली. वैशाखात कंद कोण खणतो? ते पौषाच्या सुमारास निघतात." दुसरी म्हणाली, "आणि टोपली रिकामी होती ग! भरली टोपली डोक्यावर असली तर मान अशी राहते का?" तिने उठून चालून दाखविले. एका लहान मुलाला वाटले होते की म्हातारी घर सोडून कायमची चालली आहे. सर्वांत शेवटी कोपऱ्यातल्या आजी बोलल्या. त्या तोवर गप्प होत्या. "ते रडके वाजप कशाला लावले, बाबा? कंद निघाले म्हणजे घरात आनंद असतो. कोणी मेले होते काय?"

तरुणाचा चेहरा उतरला. पण त्याने वही मिटली नाही, हे मी त्याच्या बाजूने मुद्दाम नोंदवितो.

आजींच्या प्रश्नाचे मोल मला नंतर अधिकाधिक उमगू लागले. रिकामी टोपली ही चित्रीकरणातली चूक, ती सुधारता येते. परंतु रानाकाठी राहणारा मनुष्य म्हणजे दीनवाणाच असणार, त्याचे प्रत्येक काम दुःखाचेच असणार, ही समजूत बाहेरच्या जगात घट्ट बसलेली आहे, आणि वसतिगृहात वाढलेल्या ह्या गावच्या मुलानेही ती नकळत उचलली होती. तो चित्रपट तसाच शहरात गेला असता तर तेथील प्रेक्षकांनीही "छान" म्हटले असते, आणि कंद काढणाऱ्या बायकांविषयी एक असत्य आणखी दृढ झाले असते. ते असत्य ओळखू शकणारी माणसे त्या पडवीत बसली होती. आणि ती केवळ भिडेखातर गप्प होती!

अपुरे काम लोकांपुढे मांडण्यात कमीपणा नाही. आपल्या देशातील चित्रपटाचा उगमच अशा एका लहानशा नमुन्यापासून झाला. दादासाहेब फाळके ह्यांनी मुंबईत ख्रिस्तचरित्रावरील मूकपट पाहिला, आणि तो पाहता पाहता आपल्या देशातील पुराणपुरुष पडद्यावर केव्हा दिसतील, हा विचार त्यांच्या मनात घोळू लागला. १९१२ साली ते लंडनला जाऊन कॅमेरा घेऊन आले. पण मोठ्या चित्रपटाला पैसा कोण देणार? तेव्हा त्यांनी कुंडीत वाटाण्याचे बी पेरले आणि त्याच्या वाढीची चित्रे घेतली. ती सलग दाखविली असता जेमतेम मिनिटभरात अंकुर फुटून वेल वर चढताना दिसू लागला. "अंकुराची वाढ" हा तो चित्रपट त्यांनी निवडक लोकांना दाखविला. पाहणाऱ्यांपैकी काहींनी कर्ज देऊ केले, आणि पुढे ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कॉरोनेशन चित्रपटगृहात "राजा हरिश्चंद्र" लोकांसमोर आला. त्यापूर्वी २१ एप्रिलला तो ऑलिंपिया चित्रपटगृहात निमंत्रितांना दाखविण्यात आला होता. म्हणजे आधी थोड्यांना, मग सर्वांना, हा क्रम तेव्हापासूनचा आहे.

खेड्यातील प्रेक्षकाला विचारण्याचा मोठा प्रयत्न आपल्याकडे १९७५-७६ साली झाला. उपग्रहाद्वारे सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत वर्षभर दूरदर्शनचे शैक्षणिक कार्यक्रम दाखविण्यात आले. त्यांत आपल्या कर्नाटकातील गुलबर्गा, रायचूर व विजापूर ह्या जिल्ह्यांतील गावेही होती. त्या वेळी केवळ यंत्रे बसवून शास्त्रज्ञ मोकळे झाले नाहीत. लोकांना काय हवे आहे, दाखविलेले त्यांना कळते की नाही, ह्याची पाहणी त्या योजनेचाच भाग होती, आणि काही गावांत तर अभ्यासक महिनोन्महिने मुक्काम ठोकून राहिले होते. शहरात बसून ज्याला सोपे चित्र म्हणावे ते खेड्यात सोपे असेलच असे नाही. आणि ह्याच्या उलटही खरे आहे.

विद्यार्थ्यांचे चित्रपट म्हणजे पोरखेळ, असे मानणाऱ्यांनी दोन नावे ध्यानात ठेवावीत. सोलापूर जिल्ह्यातील जेऊरचे नागराज मंजुळे ह्यांनी अहमदनगर (आता अहिल्यानगर) येथे शिकत असताना "पिस्तुल्या" हा लघुचित्रपट केला आणि त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. "फँड्री" आणि "सैराट" हे त्यांचे चित्रपट त्यानंतरचे. दुसरे नाव म्हैसूरचे डॉक्टर चिदानंद नाईक ह्यांचे. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये एक वर्षाच्या अभ्यासक्रमाअखेर त्यांनी चार दिवसांत चित्रित केलेल्या सोळा मिनिटांच्या चित्रपटाला २०२४ साली फ्रान्समधील कान महोत्सवात विद्यार्थी विभागाचे पहिले पारितोषिक मिळाले. त्याची कथा कन्नड लोककथेवरून घेतलेली: एक म्हातारी गावचा कोंबडा चोरते, आणि गावात उजाडतच नाही! कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटायचे राहत नाही, असे आपण मराठीत म्हणतो. त्या कथेत मात्र ते राहते. ही गोष्ट आमच्या कोणत्याही आजीबाईंना पहिल्या मिनिटातच कळेल.

आता थोडे विचारण्याच्या रीतीविषयी, कारण आपल्या घरांतील मुलेमुलीही आता मोबाईलवर चित्रे घेऊ लागली आहेत. "आवडले का?" हा प्रश्न मुळीच विचारू नये, त्याचे उत्तर ठरलेले असते. "काय पाहिलेत?" असे विचारावे. ती स्त्री कोण, ती कोठे चालली आहे, पुढे काय घडेल असे वाटते, हे पाहणाऱ्याच्या तोंडून ऐकावे. त्या लहान मुलाने म्हातारी घर सोडून चालली असे म्हटले, ह्यात त्याची चूक नव्हती. चित्रानेच त्याला तसे सांगितले होते. दाखविण्यापूर्वी कथा समजावून देऊ नये, कारण चित्रपटगृहात समजावून द्यायला कोणी उभे राहत नाही. पुरुषमंडळी बसली असता बायका बोलत नाहीत. त्यांना निराळे विचारावे. दाखविताना स्वतः पडद्याकडे पाहू नये, प्रेक्षकांच्या तोंडाकडे पाहावे. कोण चुळबुळ करतो, कोण शेजारणीच्या कानाशी लागतो, ते कोणत्या दृश्यापाशी, हे टिपून घ्यावे. आणि उत्तर आले की वाद घालू नये. हे सर्वांत अवघड. आमचा तरुण दोन वेळा "पण मला असे दाखवायचे होते..." म्हणून उठला, आणि दोन्ही वेळा सारी पडवी एकदम गप्प झाली.

अर्थात प्रत्येक सूचना डोक्यावर घेऊन नाचावे असे नाही. जोडा कोठे चावतो हे घालणाराच सांगू शकतो. पण जोडा शिवणे हे चांभाराचेच काम. एका गृहस्थांनी त्या तीन मिनिटांत एक गाणे व एक हाणामारी घालण्याचा सल्ला दिला होता. तो त्याने आदराने लिहून घेतला व सोडून दिला, हे योग्यच झाले.

करुण संगीत त्याने काढून टाकले आहे, असे त्याने मला कळविले. त्याच्या जागी खणण्याचा आवाज आणि बायकांचे बोलणे तेवढे राहणार आहे. कंद खणण्याचे दृश्य तो पौषात नव्याने घेणार आहे. टोपलीत किती कंद भरावयाचे आणि कोणी भरावयाचे, हे मात्र कोपऱ्यातल्या आजींनी आपल्याकडे घेतले आहे. आणि ती डोक्यावर घेऊन आधी त्या तरुणाने स्वतः चालून दाखवावे, अशी त्यांची अट आहे.