जुनी पोर्शे ९११ : ‘९९६’ घ्यावी की ‘९९७’?

दोन पिढ्यांमधील खरी सीमारेषा हेडलाइटमध्ये नाही, इंजिनात आहे

नवी कोरी स्पोर्ट्स कार घेणे ही श्रीमंतांची चैन असेल. पण वीस-पंचवीस वर्षे जुनी पोर्शे ९११ हे युरोप-अमेरिकेतील पगारदार माणसालाही परवडू शकणारे स्वप्न आहे. आयुष्याच्या मध्यावर, मुले मोठी झाल्यावर, थोडीफार शिल्लक साठल्यावर अनेक जण या स्वप्नाकडे वळतात. त्या वेळी बहुतेकांपुढे दोन पर्याय येतात. १९९७ मध्ये आलेली ‘९९६’ आणि २००४ मध्ये आलेली ‘९९७’. हे दोन्ही आकडे कंपनीचे अंतर्गत सांकेतिक क्रमांक. बाजारात दोघींचे नाव ‘९११’च. पहिली स्वस्त, दुसरी महाग. मग ऐपतीप्रमाणे निवड करावी, इतका हा प्रश्न सोपा वाटतो. प्रत्यक्षात तो तसा नाही. कारण या गाडीचे इंजिन निकामी झाले, तर दुरुस्तीचा खर्च कधी कधी गाडीच्या किमतीच्या जवळ जातो आणि स्वप्नाबरोबर शिल्लकही संपते.

नावडती पिढी

१९६३ मध्ये फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात पहिली ९११ लोकांपुढे आली. तेव्हापासून तब्बल साडेतीन दशके तिचे इंजिन हवेने थंड होत असे. १९९० च्या दशकाच्या आरंभी पोर्शे कंपनी आर्थिक संकटात सापडली होती. धूर आणि आवाजाचे नियमही कडक होत चालले होते. हवेने थंड होणाऱ्या इंजिनात प्रत्येक सिलिंडरला चार व्हॉल्व्ह बसवून ते नियम पाळणे अवघड होते. त्यामुळे ‘९९६’मध्ये कंपनीने पाण्याने थंड होणारे इंजिन स्वीकारले आणि खर्च वाचविण्यासाठी पुढचा बराचसा भाग ‘बॉक्स्टर’ या धाकट्या गाडीशी समाईक ठेवला.

जुन्या चाहत्यांना हे रुचले नाही. इंडिकेटरसह एकत्र वितळल्यासारख्या दिसणाऱ्या हेडलाइटची ‘फुटलेले अंडे’ म्हणून थट्टा झाली. आतल्या प्लास्टिकवरही टीका झाली. मात्र याच गाडीने कंपनीला तारले, हेही तितकेच खरे. ‘९९६’च्या सुमारे १ लाख ७५ हजार गाड्या तयार झाल्या, आधीच्या पिढीची संख्या ६९ हजारांच्या आत होती. ‘९९७’मध्ये कंपनीने गोल हेडलाइट परत आणले, आतली सजावट सुधारली आणि टीकाकार शांत झाले. त्या पिढीच्या सुमारे २ लाख १३ हजार गाड्या बनल्या.

नाराजीचा परिणाम किमतीवर झाला. ‘९९६’ ही अनेक वर्षे बाजारातील सर्वांत स्वस्त ९११ होती. अलीकडे तिचेही भाव वधारले असले, तरी सारख्या अवस्थेतील ‘९९७’साठी साधारणपणे अधिक पैसे मोजावे लागतात.

कागदावरील फरक

आकडे पाहिले तर दोन्ही पिढ्यांत जमीन-अस्मानाचे अंतर नाही. सुरुवातीच्या ‘९९६ कॅरेरा’मध्ये ३.४ लिटरचे, ३०० अश्वशक्तीचे इंजिन होते. २००२ च्या मॉडेलपासून ते ३.६ लिटरचे आणि ३२० अश्वशक्तीचे झाले. ‘९९७ कॅरेरा’ ३२५ अश्वशक्तीची, तर ३.८ लिटरची ‘कॅरेरा एस’ ३५५ अश्वशक्तीची. ताशी शून्यापासून शंभर किलोमीटरचा वेग गाठण्यास पहिल्या ‘९९६’ला ५.२ सेकंद लागत, ‘९९७ एस’ला ४.८ सेकंद. रस्त्यावर चालविताना हा फरक जाणवेल, पण केवळ त्यासाठी कोणी निवड बदलावी असा तो नाही.

वजनाचा फरक मात्र लक्षात घेण्याजोगा आहे. पहिली ‘९९६’ सुमारे १३२० किलोची, तर ‘९९७’ सुमारे १३९५ किलोची. ‘९९६’ हलकी आणि थोडी उघडीवाघडी वाटते; रस्ता हाताला अधिक कळतो. ‘९९७’ अधिक घट्ट, शांत आणि सुखावह. दोन्ही गाड्यांचे स्टिअरिंग हायड्रॉलिक आहे. २०११ मध्ये आलेल्या पुढच्या पिढीत ते विजेवर चालणारे झाले. त्यामुळे जुन्या पद्धतीच्या स्टिअरिंगसाठी गाडी शोधणाऱ्याला या दोन्हींपैकी कोणतीही चालेल.

एका बेअरिंगची गोष्ट

खरा प्रश्न सुरू होतो तो मागच्या बाजूला बसविलेल्या इंजिनापाशी. या इंजिनात क्रँकशाफ्टची गती कॅमशाफ्टपर्यंत पोहोचविणारा एक मधला दांडा आहे. त्याला ‘इंटरमीडिएट शाफ्ट’ म्हणतात. त्याचे एक टोक एका बंदिस्त बॉल बेअरिंगवर फिरते. कालांतराने या बेअरिंगमधील ग्रीस निघून जाते, गोळ्या झिजतात आणि बेअरिंग तुटते. दांडा जागा सोडतो, व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांचा ताळमेळ बिघडतो, ते एकमेकांवर आदळतात आणि काही क्षणांत संपूर्ण इंजिन निकामी होते. बहुतेक वेळा चालकाला आधी काहीच कळत नाही.

सगळ्या गाड्यांना हा धोका सारखा नाही. सुरुवातीच्या ‘९९६’मध्ये गोळ्यांच्या दोन रांगांचे बेअरिंग होते. साधारण २००० नंतर एका रांगेचे, तुलनेने दुबळे बेअरिंग आले. अमेरिकेत २००१ ते २००५ या मॉडेल-वर्षांच्या ठरावीक गाड्यांबाबत ग्राहकांनी सामूहिक दावा लावला आणि २०१३-१४ मध्ये त्यात तडजोड झाली. त्या निमित्ताने पुढे आलेल्या आकडेवारीनुसार एका रांगेच्या बेअरिंगमधील बिघाडाचे प्रमाण सुमारे ८ टक्के, तर दोन रांगांच्या बेअरिंगमध्ये ते सुमारे १ टक्का होते. म्हणजे बहुसंख्य गाड्यांना काहीही झाले नाही. मात्र ज्यांना झाले त्यांचे इंजिन गेले.

यातील दिलासा असा की, ‘९९६’मधील हे बेअरिंग गिअरबॉक्स आणि क्लच उतरवून बदलता येते. त्यामुळे जाणकार मालक क्लच बदलतानाच सुधारित बेअरिंग बसवून घेतात. तसे केल्याची पावती विक्रेत्याकडे असेल, तर ती गाडीच्या रंगापेक्षा आणि चामड्याच्या सीटपेक्षा मोलाची.

‘९९७’ म्हणजे निर्धास्त?

जास्त पैसे देऊन ‘९९७’ घेतली की चिंता मिटली, असा अनेकांचा समज असतो. तो अर्धाच खरा आहे. अगदी सुरुवातीच्या काही ‘९९७’मध्ये जुनेच लहान बेअरिंग होते. त्यानंतर मोठे आणि बळकट बेअरिंग आले. ते क्वचितच तुटते. पण इंजिन पूर्ण उघडल्याशिवाय बदलता येत नाही.

त्याहून मोठी अडचण सिलिंडरची. २००४ ते २००८ या काळातील ‘९९७’मध्ये, विशेषतः ३.८ लिटरच्या ‘कॅरेरा एस’मध्ये, सिलिंडरच्या आतील भिंतीवर ओरखडे पडण्याची तक्रार अधिक आढळते. ३.६ लिटरच्या ‘९९६’मध्येही ती दिसते, ३.४ लिटरच्या इंजिनात तुलनेने कमी. सिलिकॉनचे कण मिसळलेल्या ॲल्युमिनियमच्या भिंतीवर पिस्टनचा लेप झिजला की धातूवर धातू घासू लागतो. थंड हवेत इंजिन गरम होण्यापूर्वीच जोरात चालविणे आणि सतत लहान अंतराचे फेरे मारणे, यामुळे ही झीज वाढते. इंजिनातून येणारी टकटक, ऑइलचा वाढलेला खप आणि दोन बाजूंच्या सायलेन्सर पाइपांपैकी एकाच बाजूला जमणारी काजळी ही तिची लक्षणे. यावर स्वस्त इलाज नाही. इंजिन उघडून सिलिंडरना नवे अस्तर बसवावे लागते.

म्हणूनच ‘९९६ की ९९७’ ही विभागणी काहीशी फसवी आहे. बाह्यरूप २००४ मध्ये बदलले. साध्या कॅरेराचे इंजिन बदलले ते २००८ मध्ये. त्या वर्षी ‘९९७’च्या सुधारित आवृत्तीत थेट इंधन फवारणारे संपूर्ण नवे इंजिन आले आणि त्यातून हा मधला दांडाच काढून टाकण्यात आला. ‘कॅरेरा’ ३४५ आणि ‘कॅरेरा एस’ ३८५ अश्वशक्तीची झाली. सोबत ‘पीडीके’ हा दोन क्लचचा स्वयंचलित गिअरबॉक्सही मिळू लागला. मनःशांती हवी असेल आणि खिसा साथ देत असेल, तर जादा पैसे द्यावेत ते या गाडीसाठी. केवळ गोल हेडलाइटसाठी नव्हे.

टर्बोचा अपवाद

या साऱ्या चर्चेला एक अपवाद आहे. ‘टर्बो’, ‘जीटी२’ आणि ‘जीटी३’ या गाड्यांमध्ये वेगळे इंजिन होते. शर्यतीच्या परंपरेतून आलेले हे इंजिन त्याचे शिल्पकार हान्स मेत्झगर यांच्या नावाने ओळखले जाते. त्यात वरील बेअरिंगचा प्रश्न नाही. २००० मध्ये आलेली ‘९९६ टर्बो’ ४२० अश्वशक्तीची, तर २००६ ची ‘९९७ टर्बो’ ४८० अश्वशक्तीची. येथे मात्र पाण्याच्या नळ्यांचे चिकटवलेले जोड सुटण्याचा धोका असतो. ते वेल्डिंग करून घेतले आहेत का, हे विचारायलाच हवे. ताकदीच्या हिशेबात ‘९९६ टर्बो’ हा दोन्ही पिढ्यांतील शहाणपणाचा सौदा मानला जातो, तो याचमुळे.

खरेदीपूर्वी काय पाहावे?

कोणतीही पिढी निवडली तरी तज्ज्ञ मेकॅनिककडून तपासणी केल्याशिवाय पैसे देऊ नयेत. ऑइल फिल्टर कापून त्यात धातूचे कण आहेत का ते पाहावे. सिलिंडरमध्ये सूक्ष्म कॅमेरा घालून भिंती तपासाव्यात. ओरखडे खालच्या भागात असू शकतात, म्हणून केवळ वरून पाहणे पुरेसे नाही. क्लच आणि इंजिन यांच्या सांध्यातून होणारी ऑइलची गळती, कूलंटच्या टाकीला गेलेले तडे आणि पुढच्या रेडिएटरमध्ये साचलेला पालापाचोळा हे नेहमीचे दोष. ते खर्चिक असले तरी जीवघेणे नाहीत.

गाडीचा संगणकही बोलका साक्षीदार आहे. इंजिन मर्यादेपेक्षा जास्त वेगाने फिरले असल्यास त्याची नोंद त्यात राहते. ‘९९६’मध्ये अशा नोंदींचे दोन, तर ‘९९७’मध्ये सहा टप्पे असतात. वरच्या टप्प्यांत नोंद असेल, तर चुकीचा गिअर पडून इंजिनाला कधीतरी जबर ताण बसला, असे समजावे. कमी चाललेली गाडी चांगली, हा नियमही येथे लागू पडेलच असे नाही. वर्षानुवर्षे गॅरेजमध्ये उभी राहिलेल्या गाडीपेक्षा नियमित चाललेली, वेळेवर ऑइल बदललेली गाडी अधिक भरवशाची ठरते.

भारतापुरते बोलायचे तर सर्वसाधारण नियमानुसार तीन वर्षांपेक्षा जुनी मोटार परदेशातून आणता येत नाही. त्यामुळे या दोन्ही पिढ्यांसाठी तो मार्ग बंद आहे. लंडन, म्युनिक किंवा न्यू जर्सीत स्थायिक झालेल्या मराठी माणसासमोर मात्र हा प्रश्न खराखुरा उभा राहू शकतो.

त्याचे उत्तर थोडक्यात असे. हात राखून खर्च करायचा असेल, तर बेअरिंग बदललेली आणि सर्व पावत्या असलेली ‘९९६’ घ्यावी. जास्त पैसे खर्च करायचे असतील, तर २००८ नंतरच्या ‘९९७’पर्यंत जावे. मधल्या काळातील ‘९९७’ घ्यायचीच असेल, तर कॅमेऱ्याने सिलिंडर पाहिल्याशिवाय व्यवहार करू नये. आणि कोणतीही घेतली, तरी किमतीच्या एका हिश्शाची रक्कम बाजूला ठेवावी. गाडी जुनी झाली की तिची किंमत उतरते, सुट्या भागांची नाही.