प्रमाणपत्र चालतं कुठे?

बारावीचा निकाल लागला की रिक्षांच्या मागे आणि वर्तमानपत्रांतल्या छोट्या जाहिरातींत एक वाक्य हमखास दिसू लागतं: ‘सहा महिन्यांत विद्यापीठाचं सर्टिफिकेट, नोकरीची हमी’. त्याच दिवसांत घराघरांतून दुसरं वाक्य ऐकू येतं: ‘सर्टिफिकेटला कोण विचारतो? डिग्री पाहिजे.’ दोन्ही वाक्यं म्हणणारे सारखेच ठाम असतात आणि दोघांचीही माहिती अर्धवट असते. प्रमाणपत्र, पदविका, पदवी या एकाच शिडीच्या पायऱ्या आहेत, असं धरून चालल्यामुळे हा घोळ होतो. प्रत्यक्षात प्रमाणपत्राचं वजन कागदावर छापलेलं नसतं. तो कागद कोण मागतं आणि कोणत्या नियमाखाली मागतं, त्यावर ते ठरतं.

‘विद्यापीठाचं नाव आहे, म्हणजे यूजीसीची मान्यता आहे’

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, म्हणजे यूजीसीच्या, १९५६ च्या कायद्यातलं कलम २२ सांगतं की पदवी देण्याचा अधिकार फक्त केंद्राच्या वा राज्याच्या कायद्याने स्थापन झालेल्या विद्यापीठाला, अभिमत विद्यापीठाला किंवा संसदेने खास अधिकार दिलेल्या संस्थेला आहे. कोणत्या नावाच्या पदव्या द्यायच्या, तेही आयोग राजपत्रात जाहीर करतो. त्या यादीबाहेरचं नाव पदवीला देता येत नाही. कलम २३ प्रमाणे कायद्याचा आधार नसलेल्या संस्थेने आपल्या नावात ‘विद्यापीठ’ लावणंही चालत नाही.

आता याच कलमाची दुसरी बाजू पाहा. ते पदवीपुरतं आहे. प्रमाणपत्राला असं कुंपण नाही. गल्लीतला संगणक क्लास, पाककलेचा वर्ग, एखादी कंपनी, देवळाच्या सभामंडपात भरणारं योग शिबिर, सगळ्यांना आपापलं प्रमाणपत्र छापता येतं आणि त्यात बेकायदा काही नाही. म्हणून ‘यूजीसीमान्य सर्टिफिकेट’ ही शब्दरचना दिसली की थांबावं. आयोग मान्यता देतो ती विद्यापीठाला. त्या मान्यतेची ऊब घेऊन क्लासचा कागद विकला जात असेल, तर तो क्लासचाच कागद राहतो.

खरं विद्यापीठीय प्रमाणपत्र ओळखायला फार हुशारी लागत नाही. प्रवेशाची पावती विद्यापीठाच्या किंवा संलग्न महाविद्यालयाच्या नावाची असते, परीक्षा विद्यापीठाच्या नियमांनी होते आणि अभ्यासक्रम त्यांच्याच संकेतस्थळावर असतो. पुण्यातल्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जर्मन किंवा फ्रेंचचा प्रमाणपत्र वर्ग करणारा विद्यार्थी पुणे विद्यापीठाचाच विद्यार्थी असतो. कलिन्याच्या गरवारे संस्थेत शिकणाऱ्याचं मुंबई विद्यापीठाशी असलेलं नातंही तसंच.

शेजारच्या राज्यातल्या विद्यापीठाचं ‘अधिकृत केंद्र’ तुमच्या गावातल्या शॉपिंग कॉम्प्लेक्सच्या दुसऱ्या मजल्यावर असेल, तर जास्तच जपून. छत्तीसगडने २००२ मध्ये एक कायदा करून शंभराहून अधिक खासगी विद्यापीठं कागदावर उभी केली होती. शास्त्रज्ञ प्रा. यशपाल त्याविरुद्ध न्यायालयात गेले आणि २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या कायद्यातली विद्यापीठं उभी करणारी कलमंच रद्द केली. राज्याच्या कायद्याने झालेल्या विद्यापीठाने राज्याबाहेर केंद्रं थाटायची नाहीत, हा दंडक त्या निकालाने पक्का केला. आयोग बोगस विद्यापीठांची यादीही प्रसिद्ध करतो. त्या यादीत नागपूरचं एक नाव वर्षानुवर्षं ठाण मांडून आहे.

‘पदवी नसेल तर कागदाला किंमत नाही’

या समजुतीला सगळ्यात सुंदर उत्तर आयआयएमने दिलेलं आहे. अहमदाबाद आणि कलकत्त्याच्या आयआयएम १९६१ मध्ये सुरू झाल्या, पण त्या विद्यापीठं नव्हत्या. म्हणजे कलम २२ प्रमाणे त्यांना पदवी देता येत नव्हती. पन्नासहून अधिक वर्षं देशातले सगळ्यात मोठे पगार घेणाऱ्या मुलांच्या हातात एम.बी.ए.ची पदवी नव्हती, पदव्युत्तर पदविका होती. तिथे संशोधन करणाऱ्याला पीएच.डी. मिळत नसे, ‘फेलो’ म्हणत. आयआयएम कायदा २०१७ चा, तो अमलात आला जानेवारी २०१८ मध्ये आणि त्यानंतर पदवी देण्याचा मार्ग खुला झाला. मधल्या काळात कोणत्याही कंपनीने ‘तुमची तर नुसती पदविका’ म्हणून नाक मुरडल्याचं ऐकिवात नाही.

आपल्याकडे याचं जुनं रूप होतंच. चित्रकाराच्या पाटीवर नावापुढे ‘जी.डी. आर्ट’ असायचं. ती सरकारी पदविका होती, विद्यापीठाची पदवी नव्हे. महाराष्ट्रातल्या चित्रकारांच्या कित्येक पिढ्या त्या अक्षरांवर जगल्या. गाण्यातल्या ‘विशारद’चंही तसंच. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाची ती परीक्षा घराघरांत ‘बी.ए.सारखीच’ म्हणून सांगितली जाते. मंडळ विद्यापीठ नाही, त्यामुळे विशारद ही कायद्याच्या अर्थाने पदवी नाही. पण गाण्याचा क्लास काढायचा असेल तर विशारद पाहूनच पालक मुलं पाठवतात, आणि त्यांचं काही चुकतं असं मला वाटत नाही.

मात्र आयआयएमचा दाखला देऊन कोणी तुम्हाला तीन महिन्यांचा कोर्स विकू लागला, तर एक गोष्ट लक्षात ठेवायची. बाजाराने तिथे पदविकेचा शिक्का विकत घेतला नव्हता. देशभरातल्या परीक्षेतून झालेली कडक निवड आणि दोन वर्षांची कसून मेहनत विकत घेतली होती. आज त्याच संस्थांच्या नावाने शनिवार-रविवारच्या ऑनलाइन वर्गांची प्रमाणपत्रं मिळतात. त्यातलं शिकणं चांगलं असू शकेल, पण ती वेगळी चीज आहे, आणि मुलाखत घेणाऱ्याला हा फरक कळतो.

‘दोन-चार सर्टिफिकेटं जोडली की पदवी होते’

होत नाही. निदान जाहिरातवाले सांगतात तशी तर नाहीच. हा गैरसमज अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स आल्यापासून वाढला आहे. २०२१ मध्ये सुरू झालेल्या या व्यवस्थेत विद्यार्थ्याने मिळवलेली श्रेयांकं (क्रेडिट्स) त्याच्या नावावर जमा राहतात आणि सर्वसाधारणपणे सात वर्षं वापरता येतात. बँक हे नाव ऐकून लोकांना वाटलं की कुठलंही प्रमाणपत्र भरावं आणि पुरेसं साठलं की पदवी काढावी.

पण जमा होतं ते श्रेयांक, प्रमाणपत्र नव्हे. नोंदणीकृत संस्थेने श्रेयांकासह दिलेला अभ्यासक्रम असेल तरच खात्यात काही पडतं. शिवाय जी संस्था पदवी देणार, तिथून निम्मी तरी श्रेयांकं मिळवावी लागतात. आणि पदवीची एक रचना असते: मुख्य विषय, दुय्यम विषय, भाषा, त्या त्या वर्षाची पातळी. टॅलीचं, योगाचं आणि जर्मनचं अशी तीन प्रमाणपत्रं एकत्र ठेवली तर ती तीनच राहतात.

श्रेयांक हे मोजमाप मात्र ग्राहक म्हणून फार कामाचं आहे. राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यात एक श्रेयांक म्हणजे अभ्यासाचे तीस तास, यात वर्ग, वाचन, सराव सगळं आलं. वर्षाला चाळीस श्रेयांकं, म्हणजे बाराशे तास. तीन वर्षांच्या पदवीला किमान एकशे वीस. इग्नूचं सहा महिन्यांचं प्रमाणपत्र साधारण सोळा श्रेयांकांचं असतं, म्हणजे जवळपास पावणेपाचशे तास. आता दोन रविवारांत ‘प्रमाणित तज्ज्ञ’ करून देणाऱ्या कोर्सचे तास मोजा. अर्धं श्रेयांकही भरत नाही. जो अभ्यासक्रम आपली श्रेयांकं किंवा तास सांगायला तयार नसतो, त्याच्याकडे सांगण्यासारखं काही नसतं, असं मी तरी धरून चालतो.

‘नव्या धोरणात एक वर्ष शिकून सोडलं की सर्टिफिकेट आपोआप मिळतं’

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने मधूनच बाहेर पडायची सोय केली, हे खरं. एका वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका, तीन वर्षांनंतर पदवी, चार वर्षांनंतर ऑनर्स. यातला ‘आपोआप’ हा शब्द तेवढा लोकांनी घातलेला.

आयोगाच्या डिसेंबर २०२२ च्या आराखड्यानुसार पहिल्या वर्षाची चाळीस श्रेयांकं पूर्ण हवीत, म्हणजे विषय राहून चालत नाही. त्यावर उन्हाळ्याच्या सुट्टीत चार श्रेयांकांचा व्यवसायाभिमुख अभ्यासक्रम पुरा करायचा. तेव्हा कुठे प्रमाणपत्र हातात पडतं. परत यायचं असेल तर तीन वर्षांच्या आत, आणि पदवी एकूण सात वर्षांच्या मुदतीत. महाराष्ट्रातल्या विद्यापीठांत सत्राला बावीस श्रेयांकांचा हिशेब धरल्यामुळे वर्षाचा आकडा चव्वेचाळीसपर्यंत जातो, तेव्हा आपल्या महाविद्यालयाचं परिपत्रक पाहिलेलं बरं.

ही सोय ज्यांच्यासाठी आहे त्यांच्यासाठी मोलाची आहे. पूर्वी घरची अडचण, लग्न, बाळंतपण, वडिलांचं आजारपण यातल्या कशानेही एफ.वाय.नंतर शिक्षण सुटलं की ‘बारावी पास’ एवढीच ओळख उरायची आणि केलेलं वर्ष वाया जायचं. आता ते वर्ष नोंदीत राहतं. पण एका वर्षाच्या बी.ए.च्या प्रमाणपत्रावर कोणी टेबलखुर्ची देऊन बसवेल ही अपेक्षा ठेवू नये. परत येण्याची वाट उघडी राहावी, हाच या सोयीचा खरा उपयोग.

‘सरकारी नोकरीत सर्टिफिकेट चालत नाही’

इथे गंमत आहे. लिपिक-टंकलेखक पदाची जाहिरात काढून वाचा. पदवी तर हवीच, पण मराठी टंकलेखन मिनिटाला तीस शब्द किंवा इंग्रजी चाळीस शब्द, याचं सरकारी प्रमाणपत्रही हवं. सुवर्णपदक मिळवलेला एम.ए. त्या प्रमाणपत्राशिवाय अपात्र आणि नुसतं टंकलेखनाचं प्रमाणपत्र असलेला बारावी पासही अपात्र. दोन्ही कागद वेगवेगळी कामं करतात. संगणक साक्षरतेच्या एम.एस.-सी.आय.टी.चं उदाहरण त्याहून बोलकं. तो अभ्यासक्रम चालवणारी एम.के.सी.एल. ही कंपनी आहे, विद्यापीठ नाही. तरी राज्यातल्या लाखो लोकांनी तो केला, कारण शासनाच्या नियमात त्याचं नाव लिहिलेलं आहे.

याउलट जिथे नियमात ‘मान्यताप्राप्त विद्यापीठाची पदवी’ असं लिहिलं आहे, तिथे प्रमाणपत्रांची चळत उपयोगी नाही. एम.पी.एस.सी.ची राज्यसेवा, यू.पी.एस.सी.ची नागरी सेवा, बँकेतलं प्रोबेशनरी ऑफिसरचं पद, इथे सवलत नाही. ज्याला हेच हवं आहे पण रोज कॉलेजला जाणं जमत नाही, त्याने पदवीला पर्याय म्हणून प्रमाणपत्र शोधण्यापेक्षा पदवीच वेगळ्या वाटेने घ्यावी. नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून त्यासाठीच आहे. ‘मुक्तची डिग्री चालत नाही’ हाही तितकाच टिकाऊ गैरसमज. मान्यताप्राप्त संस्थेची दूरशिक्षणातून घेतलेली पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची मानली जाते, हे आयोगाने २०२२ मध्ये पुन्हा एकदा स्पष्ट केलं आहे.

‘पोस्ट ग्रॅज्युएट म्हटलं की एम.ए.च्या बरोबरीचं’

पदव्युत्तर प्रमाणपत्र म्हणजे पदवीनंतर घेतलेलं प्रमाणपत्र, इतकाच त्याचा अर्थ. त्यावर पीएच.डी.ला प्रवेश मिळत नाही. व्यवस्थापनाच्या दोन वर्षांच्या काही पदविकांना भारतीय विद्यापीठ संघाने एम.बी.ए.ची समकक्षता दिली आहे. पण ती नावानिशी, संस्थेनिशी दिलेली असते, सरसकट नव्हे.

परदेशी जाणाऱ्यांना हा फरक फार महाग पडू शकतो. कॅनडातल्या कॉलेजांचं एका वर्षाचं ‘पोस्ट ग्रॅज्युएट सर्टिफिकेट’ आपल्याकडचे एजंट मास्टर्सच्या थाटात सांगतात. तिथल्या सरकारचे नियम तसे नाहीत. फेब्रुवारी २०२४ पासून मास्टर्सचा अभ्यासक्रम दोन वर्षांहून लहान असला तरी त्यानंतर तीन वर्षांचा कामाचा परवाना मिळू शकतो. एका वर्षाच्या प्रमाणपत्रानंतर परवाना साधारण अभ्यासक्रमाच्या लांबीएवढाच. वर १ नोव्हेंबर २०२४ पासून व्हिसासाठी अर्ज केलेल्यांना, कॉलेजचं प्रमाणपत्र ठरावीक विषयांतलं असेल तरच परवाना मिळेल, अशी अट लागली. बॅचलर्स, मास्टर्सवाल्यांना ती नाही.

‘ऑनलाइन आहे, म्हणजे फुकट आणि फुकाचं’

केंद्र सरकारच्या ‘स्वयम्’ या ऑनलाइन मंचावर शिकायला पैसे पडत नाहीत, परीक्षेला पडतात. त्यावरच्या, आयआयटींच्या एन.पी.टी.ई.एल.च्या अभ्यासक्रमात गृहपाठाला पंचवीस आणि केंद्रावर जाऊन द्यायच्या परीक्षेला पंचाहत्तर गुण असतात, शुल्क हजाराच्या आसपास. बारा आठवड्यांचा अभ्यासक्रम साधारण तीन श्रेयांकांचा. विद्यापीठांनी एका सत्रातली चाळीस टक्क्यांपर्यंत श्रेयांकं ‘स्वयम्’मधून घ्यायला आयोगाची परवानगी आहे. पण तुमचं विद्यापीठ ती धरणार का, हे नोंदणीच्या आधी विचारायचं असतं. निकालानंतर प्राचार्यांकडे खेटे घालून उपयोग होत नाही.

दुसऱ्या टोकाला शिक्षण-कंपन्यांचे लाख-दीड लाखांचे अभ्यासक्रम आहेत, हप्त्यांनी फेडायचे, आणि ते हप्ते म्हणजे बहुधा तुमच्या नावावर काढलेलं कर्ज. कोर्स मध्येच सोडला तरी हप्ता चालू राहतो. ‘आमचं सर्टिफिकेट पदवीच्या समकक्ष आहे’ असं तिथला समुपदेशक फोनवर सांगत असेल, तर त्याला एकच विचारायचं: कोणत्या शासन निर्णयाने? समकक्षता नोकरी देणारा ठरवतो, सरकार ठरवतं, विद्यापीठाची विद्या परिषद ठरवते. शिकवणी विकणाऱ्याला तो अधिकार नाही. निर्णयाचा क्रमांक आणि तारीख लेखी मागावी, आणि ती हातात येईपर्यंत कर्जाच्या अर्जावर सही करू नये.