अडगळींतील संगणक

गेल्या दिवाळीच्या सुटींत आम्ही इंदापुरास आजोळीं गेलों होतों. जुन्या वाड्याची डागडुजी निघाली होती आणि माळ्यावरची अडगळ खालीं उतरवून भंगारवाल्यास देण्याचें काम चाललें होतें. मोडका पाळणा, सायकलचें चाक, कल्हई उडालेलीं पातेलीं यांच्या ढिगांत, धोतराच्या फडक्यांत गुंडाळलेली एक काळी चपटी पेटी आमच्या हातीं लागली. आकार साधारण पाटीएवढा. वर रबराच्या करड्या रंगाच्या चाळीस कळा. उजव्या कोपऱ्यांत तांबडा, पिवळा, हिरवा व आकाशी असे चार तिरपे पट्टे. तिच्याजवळच एक बुटाचें खोकें होतें व त्यांत एकवीस कॅसेटी होत्या. जिच्यापुढें बसलों असतां जेवणाची हांकही आम्हांस ऐकूं येत नसे, तीच ही पेटी, हें ओळखावयास क्षणभरही लागला नाहीं.

"मामी, ही पेटी मला द्याल का?" असें विचारतांच मामी म्हणाल्या, "ने रे बाबा. तुझ्या मामांच्या हातची म्हणून आजवर ठेवली. भंगारवाला तिचे वीस रुपये देतो म्हणत होता."

१९८७ सालच्या उन्हाळ्यांत आमचे मामा आखातांतील नोकरीवरून रजेवर आले, तेव्हां त्यांनीं ती आणिली होती. आम्ही त्या वेळीं नववींत होतों. पुढें कॉलेज, नोकरी व संसार यांच्या गडबडींत पेटी मनांतून गेली. कांहीं वर्षांनीं मामाही गेले. बारामतीस परत येतांना एस. टी.च्या गाडींत ती आम्ही मांडीवर धरून बसलों होतों. त्या दिवसापासून आम्हांस जो छंद पुनः जडला, त्याची हकीकत विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस उपयोगी पडेल अशा समजुतीनें येथें देत आहों.

प्रथम ही पेटी म्हणजे काय तें सांगितलें पाहिजे. हिचें नांव झेडएक्स स्पेक्ट्रम. इंग्लंडांतील सिंक्लेअर रिसर्च या कंपनीनें ती एप्रिल १९८२ मध्यें बाजारांत आणिली. एके काळीं संगणक हा मोठ्या संस्थेचें वैभव असे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत आपल्याच लोकांनीं बांधलेला टिफ्रॅक हा संगणक १९६० सालीं काम करूं लागला. त्यांत अडीच हजारांहून अधिक निर्वात नळ्या होत्या, आणि त्याच्या स्मृतींत प्रत्येकीं चाळीस द्विमान अंकांचे २,०४८ शब्द मावत. आजच्या मापानें ही स्मृति १० किलोबाइट भरते. स्पेक्ट्रमच्या मोठ्या प्रकारांत ४८ किलोबाइट, म्हणजे टिफ्रॅकच्या जवळजवळ पांचपट स्मृति होती, आणि त्याची किंमत होती १७५ पौंड. अवघ्या बावीस वर्षांत संस्थेचें वैभव मुलाच्या मांडीवर येऊन बसलें, तें असें.

तरीही ४८ किलोबाइट म्हणजे किती थोडें, हें आजच्या मुलांस एका उदाहरणावरून कळेल. देवनागरींतील एक चिन्ह सांठविण्यास हल्लींच्या रीतीनें तीन बाइट लागतात. त्या हिशेबानें प्रस्तुत लेख त्या पेटींत एकदां मावेल, दोनदां मावणार नाहीं. एवढ्याशा जागेंत खेळ लिहावयाचा, चित्र काढावयाचें, हिशेब करावयाचा, तर लिहिणाऱ्यास एकेका अक्षराची काटकसर शिकावी लागे. पडदा म्हणून घरचा टेलिव्हिजन, आणि सांठवणीसाठीं गाण्यांची साधी कॅसेट. वीज जोडतांच यंत्र एक-दोन क्षणांत सज्ज होई व बेसिक भाषेंतील आज्ञेची वाट पाहत राही. पी ही एक कळ दाबली कीं प्रिंट हा सबंध शब्द पडद्यावर उमटे. यंत्र स्वतः होऊन कांहींच करीत नसे. जें करावयाचें तें मुलानेंच सांगावें लागे. दोन तास खपून लिहिलेली आज्ञावली वीज गेली कीं पुसून जाई. त्या दिवसांत उन्हाळ्यांतील विजेचा भरवसा किती, हें आमच्या पिढीच्या पालकांस सांगावयास नको.

आपल्याकडे पुष्कळ मुलांस संगणकाचें पहिलें दर्शन घरीं न होतां शाळेंत झालें. १९८४-८५ सालीं भारत सरकारनें शाळांतील संगणक-साक्षरतेसाठीं 'क्लास' नांवाची योजना काढिली व आरंभीं सुमारें २५० शाळांस बीबीसी मायक्रो हे संगणक दिले. केंब्रिज येथील एकॉर्न कंपनीनें ते १९८१ सालीं तयार केले होते. आपल्या देशांत मोहाली येथील सेमिकंडक्टर कॉम्प्लेक्स या सरकारी कारखान्यानें तेच यंत्र 'युनिकॉर्न' या नांवानें जुळवून दिलें. या यंत्राचा वंश मोठा आहे. त्याच्या रचनेंत ज्यांचा हात होता, त्या सोफी विल्सन व स्टीव्ह फर्बर यांनींच पुढें आर्म हा प्रक्रियक आखिला, आणि त्याचा पहिला नमुना एप्रिल १९८५ मध्यें चालूं झाला. आज जवळजवळ प्रत्येकाच्या खिशांतील मोबाइलमध्यें त्याच कुळांतला प्रक्रियक असतो. म्हणून एखाद्या शाळेच्या कोठींत धूळ खात पडलेला बीबीसी मायक्रो दिसला, तर तो आपल्या खिशांतील यंत्राचा आजोबा आहे असें समजावें.

आतां दुरुस्तीकडे वळूं. जुनें यंत्र हातीं येतांच त्यास वीज जोडूं नये, हा पहिला नियम. तो आम्ही पुस्तकांतून शिकलों नाहीं. चूक करून शिकलों. बारामतीस पोंचल्याच्या रात्रींच आम्हीं घरांत सांपडलेला एक अडॅप्टर पेटीस लाविला. नऊ व्होल्ट हा आंकडा बरोबर होता, परंतु हल्लींच्या बहुतेक अडॅप्टरांच्या टोंकाचा मधला भाग धन असतो व या यंत्रास तो ऋण लागतो, याकडे आमचें लक्ष गेलें नाहीं. पडद्यावर कांहींच आलें नाहीं. पेटींतून मात्र जळका वास आला. पस्तीस वर्षें माळ्यावर जी सुखरूप राहिली, ती आमच्या उतावळेपणानें एका क्षणांत आजारी पडली.

त्या आजाराचें निदान समजण्यासारखें आहे. या यंत्राच्या स्मृतीचा खालचा भाग आठ लहान चिपांचा केलेला असतो, आणि त्या चिपांस १२, ५ व ऋण ५ असे तीन निरनिराळे विद्युद्दाब लागतात. ते पुरविणारा ट्रान्झिस्टर जळाला आणि ऋण दाब नाहींसा झाला, तर चिपाही मरतात. शिवाय प्रत्येक बाइटचे आठ अंक या आठ चिपांत एकेक असे वांटून दिलेले असतात. म्हणून एक चिप मेली कीं प्रत्येक बाइटमधील एक अंक खोटें बोलूं लागतो, आणि स्मृतीची तपासणी करून त्या खोटें बोलणाऱ्या अंकावरून मेलेली चिप कोणती तें काढतां येतें. आमच्या पेटींत अशा दोन निघाल्या.

ट्रान्झिस्टर पुण्यास तपकीर गल्लींत मिळाला; चिपा परदेशांतून मागवाव्या लागल्या. जुना डाख वितळवून चिपा काढणें हें नाजूक काम बारामतींतील एका वृद्ध रेडिओ-कारागिरांनीं आम्हांस शिकविलें. ते म्हणत, "आधीं डोळे, मग नाक, मग हात." म्हणजे फुगलेला किंवा पाझरलेला भाग आधीं पाहावा, जळक्याचा वास घ्यावा, आणि मगच अवजार उचलावें. त्यांच्याच सांगण्यावरून वाळून गेलेले कपॅसिटर बदलले. कळांखालील पातळ प्लॅस्टिकचा पडदा हात लागतांच तडकला. परंतु असे पडदे आजही नव्यानें बनवून विकले जातात, हें पाहून आम्हांस नवल वाटलें. मुख्य प्रक्रियक झेड-८० मात्र सुदैवानें शाबूत होता. हा प्रक्रियक झायलॉग कंपनीनें १९७६ सालीं काढिला होता, आणि त्याचा मूळ प्रकार बंद करण्याचें कंपनीनें २०२४ सालीं जाहीर केलें. नवी वस्तु विकत मिळेनाशी झाली म्हणजे जुनी जपण्यास किती मोल येतें, हें यावरून ध्यानांत यावें.

यंत्र जागें झालें, राहिल्या कॅसेटी. या फितींवर गाणें नसतें, कर्कश किंचाळी असते. त्या किंचाळींत काय सांठविलेलें असतें, तें मराठी मुलास एका शब्दांत सांगतां येतें: लघु आणि गुरु. वृत्तांत लघूची एक मात्रा व गुरूच्या दोन. तसेंच या फितीवर शून्याचा नाद जेवढा वेळ टिकतो, त्याच्या बरोबर दुप्पट वेळ एकाचा टिकतो. यंत्र हे लघु-गुरु मोजीत जातें, आणि सुमारें पांच मिनिटांत सबंध स्मृति भरते. मात्रांवर मोजल्या जाणाऱ्या आर्या ज्या मोरोपंतांनीं रचिल्या, त्यांच्या बारामतींत बसून आम्हीं हें मोजमाप ऐकलें, ही गोष्ट आमच्या मनास फार गोड वाटली.

परंतु मात्रा चुकली कीं यंत्र अडतें आणि फीत वाचतां आली नाहीं असा इंग्रजी निरोप देतें. पहिल्या रात्रीं आम्हांस तो निरोप अकरा वेळां मिळाला. टेपरेकॉर्डरचा रबरी पट्टा डांबरासारखा चिकट झाला होता, तो बदलला. फीत वाचणारें डोकें किंचित् तिरपें झालें होतें. बारीक पेचकसानें त्याचा स्क्रू केंसभर फिरवून, आवाज अगदीं स्वच्छ व तीक्ष्ण येईल तेथें आणिलें. वाचलेल्या प्रत्येक फितीचा नाद आम्हीं लगेच आजच्या संगणकावर उतरवून ठेविला, कारण जुन्या फितीवरची चुंबकीय भुकटी झडत असते आणि ती पुनः वाचतां येईलच असें नाहीं. एकवीसांपैकीं तेरा वाचल्या. आठ गेल्या त्या कायमच्या गेल्या. दहा वर्षांपूर्वीं माळ्यावर चढलों असतों, तर त्यांतील कांहीं वाचल्या असत्या, ही रुखरुख राहिली आहे.

तेराव्या फितीवर मामांनीं स्वतः लिहिलेली आज्ञावली निघाली. ती पाढे विचारी व उत्तर चुकलें तर पुनः विचारी. आज्ञावलींत टीप लिहिण्याची सोय असते. ती ओळ यंत्र वाचीत नाहीं, फक्त माणसासाठीं असते. मामांनीं पहिल्याच ओळींत, रोमन अक्षरांत पण मराठींत, लिहून ठेविलें होतें: "भाच्या, उत्तर आधीं पाहूं नकोस." नववींतल्या आम्हीं ती ओळ कधीं उघडून पाहिलीच नव्हती. पुढच्या रविवारीं पेटी घेऊन आम्ही इंदापुरास गेलों. मामींनीं चष्मा लावून ती ओळ दोनदां वाचिली, आणि मग एकोणतिसाचा पाढा आपणांस विचारावयास लाविला. दोन उत्तरें चुकलीं.

जुन्या पोथ्या आपल्यापर्यंत आल्या त्या केवळ फडक्यांत बांधून ठेविल्यामुळें नव्हे. कोणी तरी त्या सोडल्या, वाचल्या व नव्या कागदावर उतरविल्या, म्हणून आल्या. यंत्रांचेंही तसेंच आहे. कपाटांत मांडलेला संगणक ही नुसती वस्तु; चालता केलेला संगणक हा ग्रंथ. पुण्याचे दिनकर केळकर यांनीं दिवे, अडकित्ते, कुलुपें अशा घरगुती वस्तु जन्मभर गोळा केल्या. त्यांचें संग्रहालय पाहून आलेल्या मुलास हें सहज पटेल कीं, आजच्या घरांतील क्षुल्लक वस्तु उद्यांच्या इतिहासाचें साधन असते.

शेवटीं दोन सूचना. विद्यार्थ्यांनो, जुन्या टेलिव्हिजनची किंवा विजेच्या पुरवठ्याची पेटी एकट्यानें उघडूं नका. बटण बंद केल्यावरही त्यांतील कपॅसिटरांत प्राणघातक विद्युत् सांठलेली असूं शकते. जाणत्या माणसास जवळ घेऊनच काम करा. बीबीसी मायक्रोच्या वीजपुरवठ्यांतील जुने कपॅसिटर तडकून धूर ओकतात. ते बदलल्यावांचून तो सुरू करूं नये. आणि पालकांस विनंति अशी कीं, भंगारवाल्यास हांक मारण्यापूर्वीं माळ्यावरच्या खोक्यांत एकदां डोकावून पाहावें. जें खरोखर निकामी असेल, तें विद्युत् कचऱ्याच्या अधिकृत संकलकाकडेच द्यावें; जें जपण्यासारखें असेल, तें मुलाच्या हातीं द्यावें, व शक्य तर आपणही त्याच्याजवळ बसावें. आमच्या टेबलावर सध्यां तीन पेट्या दुरुस्तीस आहेत; त्यांपैकीं एक आमच्याच नववींतील एका विद्यार्थ्याच्या घरच्या माळ्यावरून आलेली आहे, आणि तिच्यावरील डाख तो स्वतः लावीत आहे.